घरच्या वापराला स्वस्तातली सेकंडहँड गाडी: पुण्यात घेताना काय काय बघायचं

आधी ठरवून घ्या की गाडी नक्की कशाला हवीय. भाजी, पोरांचे क्लास, आईबाबांना डॉक्टरकडे नेणं, पावसात टू व्हीलर नको वाटते तेव्हा कर्वेनगर ते डेक्कन, आणि कधीतरी रविवारी भोर नाहीतर सासवड. एवढंच असेल तर महिन्याला ४०० किमी फार झाले. आणि इथंच लोकांचा हिशोब गंडतो कारण पहिला प्रश्न असतो ॲव्हरेज किती देते. ४०० किमीला १५ चं ॲव्हरेज धरलं तर २७ लिटर लागतं, २० चं धरलं तर २० लिटर, म्हणजे फरक ७ लिटरचा, पेट्रोल १०५ रुपये धरलं तरी महिन्याला सातशे-साडेसातशे. या सातशेसाठी लोक जुनी डिझेल गाडी घेतात, आणि मग इंजेक्टर किंवा टर्बोचं बिल हातात आलं की सगळी बचत एका दुपारी जाते.

त्यामुळे माझं सरळ मत: पेट्रोल, मॅन्युअल गिअर, छोटी, आणि रस्त्यावर दर दहा मिनिटाला दिसते अशी कंटाळवाणी गाडी. मॉडेल कुठलं यावर जेवढा वेळ घालवता त्याच्या तिप्पट वेळ समोरच्या एका गाडीच्या कागदांवर आणि तब्येतीवर घाला. बीएस६ (एप्रिल २०२० पासूनच्या प्रदूषण नियमांतली) डिझेल तर या वापराला नकोच, त्यात डीपीएफ नावाचा काजळी धरणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी बराच वेळ गरम राहून सलग पळावी लागते, आणि सदाशिव पेठ ते कोथरूड एवढ्यात ते काही होत नाही, मग फिल्टर चोक होतो.

पैशाचं

तीन लाख असतील तर गाडी दोन लाख साठ-पासष्टच्या वर बघू नका. उरलेले गाडी घेतल्यावर महिन्याभरात जातातच, चार टायर म्हणजे छोट्या गाडीला १२-१५ हजार, बॅटरी चार-पाच हजार, पहिली नीट सर्व्हिस, इन्शुरन्स, नावावर करायचा खर्च. सगळे पैसे गाडीतच घातले की मग गुळगुळीत टायरवर पावसाळा काढायची वेळ येते.

कुठली गाडी

२०१० नंतरची वॅगन आर, ज्यात ९९८ सीसीचं के१० इंजिन आहे, ती माझी पहिली पसंती. उंच आहे, गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाकून बसावं लागत नाही, आणि कुठलाही गॅरेजवाला डोळे मिटून दुरुस्त करतो. अल्टो के१० मधेही तेच इंजिन, पण आत जागा कमी. पेट्रोल स्विफ्ट चांगलीच, फक्त सेकंडहँड मार्केटमधे तिला उगाच भाव आहे. ह्युंदाई आय१० मधे 'कप्पा' नावाचं १.२ लिटरचं इंजिन असलेली बघा. होंडा ब्रिओ लोक विसरलेत, २०१९ पर्यंत मिळत होती, इंजिन झकास आणि वळायला एकदम छोटी, पेठेतल्या बोळातनं काढायला मस्त. डिकी मात्र नावालाच.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, टायमिंग चेन आणि टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह बरोबर वेळेला उघडमिट करणारी साखळी किंवा पट्टा. वॅगन आरचं के१०, आय१० चं कप्पा, ब्रिओ यांना चेन आहे, ती साधारण इंजिनच्या आयुष्याएवढी चालते. अल्टो ८००, जुनी सँट्रो, आय१० ची १.१ लिटर इंजिनवाली यांना रबराचा बेल्ट आहे आणि तो ठराविक किलोमीटरला बदलावाच लागतो. धावता धावता तुटला तर गाडी जागच्या जागी बंद पडते, आणि काही इंजिनांमधे व्हॉल्व्हही वाकतात. बेल्ट बदलल्याचं बिल मालकाकडे नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा आणि तेवढे पैसे भावात कमी करून घ्या. यामुळे गाडी सोडायची गरज नाही.

ज्या कंपन्या गेल्या त्यांच्या गाड्या खूप स्वस्त दिसतात. शेवरोलेने २०१७ च्या अखेरीला इथली विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मधे उत्पादन बंद करायची घोषणा केली, डॅटसन २०२२ मधे गेली, फियाटही गेली. आपल्याकडे शेवरोलेची बीट तळेगावला बनायची आणि फियाटची पुंटो रांजणगावला, त्यामुळे पुण्यात दोन्ही अजून दिसतात आणि इंजिन-ब्रेकचे पार्ट नाना पेठेत शोधले तर मिळूनही जातात. पण हेडलाइट, बंपर, दरवाजा, एखादा सेन्सर यासाठी महिनाभर गाडी उभी राहू शकते. स्वतःला गाडीचा नाद असेल तर घ्या, घरच्यांसाठी घेत असाल तर सोडा.

सेफ्टीचं थोडक्यात. जानेवारी २०१४ मधे ग्लोबल एनकॅप या गाड्यांच्या क्रॅश टेस्ट करणाऱ्या संस्थेने आपल्याकडच्या पाच छोट्या गाड्यांची बिनएअरबॅगची मॉडेलं आपटून बघितली, अल्टो ८००, आय१०, नॅनो, फिगो, पोलो, आणि पाचही शून्य स्टार. तेव्हा जुन्या गाडीत एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सोय) असलेलं वरचं व्हेरियंट मिळत असेल तर वीस-पंचवीस हजार जास्त द्या, टचस्क्रीनसाठी देऊ नका. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस आणि जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, म्हणून बजेट पोचत असेल तर त्यानंतरची गाडी बघावी. एक्सप्रेसवेने मुंबईला नेहमी जाणार असाल तर मी म्हणेन पोचवाच.

बघायला जायच्या आधी, घरी बसून

गाडीचा नंबर मागा. नंबर द्यायला आढेवेढे घेणारा माणूस पुढं काय करेल ते सांगायला नको. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की रजिस्ट्रेशनची तारीख, कितवा मालक, पेट्रोल की सीएनजी, इन्शुरन्स कधीपर्यंत, पीयूसी, आणि लोनचा बोजा आहे का हे दिसतं. आणि ट्रॅफिक पोलिसांच्या साइटवर ई-चलन बघा, पुण्यात पाच-सात हजारांची चलनं साठलेल्या गाड्या सर्रास सापडतात.

रजिस्ट्रेशन किती वर्षं शिल्लक आहे ते फार महत्त्वाचं. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, ते संपलं की फिटनेस तपासून ५-५ वर्षांनी वाढवावं लागतं, कारची फी १ एप्रिल २०२२ पासून ५ हजार रुपये, वर पर्यावरण कर, आणि फिटनेससाठी जी दुरुस्ती निघेल ती वेगळी. "अहो एवढी मेंटेन केलेली गाडी एक लाखात" असं कोणी म्हणालं की आरसीवरची शेवटची तारीख बघा, बहुतेक वेळा स्वस्ताईचं कारण तिथंच छापलेलं असतं.

डीएल नंबरच्या गाड्यांचं पण तसंच. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली तशा तिकडच्या गाड्या इकडे यायला लागल्या. गाडी चांगली असू शकते, पण तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे ना-हरकत पत्र आणायचं, इथला रोड टॅक्स भरायचा, नंबर बदलायचा, आणि हे सगळं होईपर्यंत गाडी तुमची आहे पण नीट तुमची नाही. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याने या भानगडीत पडू नये. एमएच १२ किंवा एमएच १४ बघा आणि शांत झोपा.

१ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला महाराष्ट्रात नवी एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागते, ती बसवलीय का तेही आत्ताच विचारा, नसेल तर विकणाऱ्याला बसवून द्यायला सांगा.

आता माझी आवडती युक्ती. इन्शुरन्सच्या कॉपीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती टक्के लिहिलाय ते बघा. एक वर्ष क्लेम नाही तर २०, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. आठ वर्षं जुनी, एकाच मालकाची गाडी आणि बोनस २० टक्के? म्हणजे एक-दोन वर्षांपूर्वी काहीतरी क्लेम झालाय नाहीतर पॉलिसी मधेच कधीतरी खंडित झालीय. कसला क्लेम होता ते शांतपणे विचारा आणि मालक काय सांगतो ते ऐका, बंपरचा असेल तर तो लगेच सांगेल.

गाडी कुठून घ्यायची तर माझ्या मते ओळखीतनं किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरनं पहिली, ज्यांची गाडी रोज पार्किंगमधे दिसते. मग कंपन्यांची स्वतःची सेकंडहँड शोरूम, तिथं महाग पण कागद सरळ. मग डीलर. डीलरकडे गेलात की "साहेब, डॉक्टरांची गाडी आहे, मॅडमच चालवायच्या" हे ऐकायला मिळेलच. पुण्यात एवढे डॉक्टर असते तर ओपीडीत नंबर लागायला दोन तास लागले नसते.

प्रत्यक्ष बघताना

दिवसा जा, पाऊस पडत नसताना जा, आणि फोनवरच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर आधीच चालू करून ठेवलीय, कारण गार इंजिन खरं बोलतं. सकाळी पहिल्यांदा चालू करताना जास्त वेळ क्रँक होते का, कडकड आवाज येतो का, सायलेन्सरमधनं कसला धूर येतो हे बघायचं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गारठ्यात थोडी पांढरी वाफ येते ती जाते, पण गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) आत जातंय, हेड गॅस्केट म्हणजे इंजिनमधलं सील गेल्याची शंका. दोन्हीपैकी काही दिसलं तर नमस्कार करून निघा.

चालू करायच्या आधी ऑइलचं झाकण उघडून खालनं बघा, पिवळसर सायीसारखा थर असेल तर ऑइलमधे पाणी मिसळतंय. कूलंट हिरवं, लाल किंवा निळं, पण स्वच्छ असावं, तांबूस गढूळ पाणी असेल तर मालकाने वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलंय आणि रेडिएटर आतनं गंजलाय.

मग बॉडी. रंग चकचकीत आहे का यात वेळ घालवू नका, टचअप पुण्यातल्या प्रत्येक गाडीला असतो, टू व्हीलरवाले तो करायला लावतातच. बघायचं ते बोल्ट. बॉनेट आणि पुढचे फेंडर ज्या बोल्टने धरलेत त्यांच्या डोक्यावरचा रंग पाना लावून निघालाय का, दोन्ही बाजू सारख्या आहेत का. मग डिकीतली स्टेपनी बाहेर काढून खालचा पत्रा बघा, तिथं सुरकुत्या किंवा नवीन वेल्डिंग असेल तर मागनं जोरात बसलीय. दरवाज्याचे रबर ओढून आतला कंपनीचा स्पॉट वेल्ड बघा. सगळ्या काचांवर एकाच कंपनीचं नाव आणि जवळपासचं वर्ष असावं, एखादी वेगळी असली तर चालतं, एकाच बाजूच्या दोन-तीन वेगळ्या असतील तर त्या बाजूने काय झालं ते विचारा.

टायरवर चार आकडी नंबर असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. गाडी "फक्त ३० हजार चाललीय" आणि टायरचा दुसरा सेट पण गुळगुळीत झालाय, असं कसं? मीटर मागं फिरवणं आजकाल दहा मिनिटांचं काम आहे, त्यामुळे मीटरवरचा आकडा हा एक दावा आहे एवढंच समजा. क्लच पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिलई, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड हे आकड्याशी जुळतं का बघा, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली हिस्टरी मालकालाच काढून द्यायला सांगा, त्यात प्रत्येक सर्व्हिसला मीटर किती होतं ते लिहिलेलं असतं.

पाण्यात गेलेली गाडी

हे पुण्यात वेगळं सांगायलाच हवं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वर, सहकारनगर भागात गाड्या अक्षरशः वाहून गेल्या होत्या. जुलै २०२४ मधे खडकवासल्यातनं पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीची पार्किंगं पाण्याखाली गेली. त्या सगळ्या गाड्या भंगारात गेल्या नाहीत. धुऊन, सुकवून, सेंट मारून बऱ्याच परत विकल्या जातात, आणि मग वर्ष-दीड वर्षाने वायरिंगचे कनेक्टर गंजून एकेक चाळे सुरू होतात, कधी पॉवर विंडो, कधी एअरबॅगचा दिवा, कधी भर चौकात गाडी बंद.

मावसभावासाठी बिबवेवाडीला एक गाडी बघितली होती, आतनं एकदम चकाचक, सीट कव्हर नवीन, मॅट नवीन, वास लिंबाचा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला, एकदम शेवटपर्यंत. वरचा भाग काळा स्वच्छ, आणि रिळाजवळचा शेवटचा हातभर पट्टा मातकट, त्यावर जिथपर्यंत पाणी चढलं तिथं आडवी रेघ. विकणारा म्हणाला "दादा, बेल्ट मळतातच." मळतो तो हाताळलेला भाग, आत गुंडाळलेला कसा मळेल? पुढं सीट सरकवून रूळ बघितले तर त्यांनाही तांबेरा. तिथंच विषय संपला.

म्हणून कुठलीही गाडी असो, चारही बेल्ट शेवटपर्यंत ओढा, सीटखालचे रूळ आणि बोल्ट मोबाइलच्या टॉर्चने बघा, कोपऱ्यातलं कार्पेट उचलून खाली हात घाला, डॅशबोर्डच्या खाली वायरिंगवर गाळ आहे का बघा, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का. नवीन कार्पेट आणि जुनी गाडी हे कॉम्बिनेशन दिसलं की दुप्पट बघा.

चालवून बघताना

गल्लीतनं एक चक्कर मारून काही कळत नाही. अर्धा तास तरी पाहिजे आणि त्यात चढ पाहिजे, चांदणी चौकाचा चढ घ्या नाहीतर कात्रजचा जुना घाट. चढावर तिसऱ्या गिअरमधे हळू असताना जोरात ॲक्सिलरेटर द्या. इंजिनचा आवाज वाढला आणि गाडी पुढं सरकत नाही तर क्लच प्लेट संपलीय, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधे रोज हाफ क्लचवर चाललेल्या गाड्यांचं हे नेहमीचं. क्लच बदलता येतो, घाबरू नका, फक्त भावात धरा.

स्पीडब्रेकर तर आपल्याकडे मुबलक. खिडक्या खाली, म्युझिक बंद, एसी बंद करून हळू घ्या आणि ऐका, ठक-ठक म्हणजे सस्पेन्शनमधलं बुश, लोअर आर्म, शॉकॲब्सॉर्बर यापैकी काहीतरी. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवताना कट-कट आली तर ॲक्सलचा जॉइंट. आय१० सारख्या गाड्यांत स्टिअरिंगमधनं येणारी बारीक टक-टक बऱ्याचदा आतल्या रबरी कपलिंगची असते, पार्ट स्वस्त आहे, त्यामुळे तेवढ्यावरनं गाडी नाकारू नका पण तोंड मात्र वाईट करून दाखवा. सरळ रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरून ब्रेक मारा, एका बाजूला ओढते का बघा. शेवटी एसी फुल लावून पाच-दहा मिनिटं गाडी उभी ठेवा, टेम्परेचर चढतं का, फॅन लागतो का.

सीएनजी असेल तर कंपनीचं किट सोडून दुसरं मी घेणार नाही, पण घेत असाल तर आरसीवर सीएनजीची नोंद आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने घेतलेली चाचणी) दोन्ही बघा, ती दर तीन वर्षांनी लागते आणि तारीख प्लेटवर असते.

हे सगळं पास झालं की मग आपला मेस्त्री. तुमचा, विकणाऱ्याने सुचवलेला नाही. हजार-दोन हजार घेईल, लिफ्टवर चढवून खालनं बघेल, गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या चुका दाखवणारा स्कॅनर लावेल. स्कॅनरमधे एकही एरर नाही आणि मेमरी नुकतीच पुसलेली दिसतेय असं मेस्त्री म्हणाला तर चार-पाच दिवसांनी परत स्कॅन करू म्हणा. विकणारा खरा असेल तर थांबेल.

भाव आणि व्यवहार

भाव करताना "जास्त होतंय हो काका" यापेक्षा कागद चालतो. टायर इतके, क्लच इतका, इन्शुरन्स संपतोय म्हणून इतका, चलनं इतकी, बेरीज करून समोर ठेवा. पुणेरी मालक असेल तर "आमची किंमत फिक्स आहे" म्हणेल, त्याला दोन दिवस जाऊ द्या.

इसार द्यायचा तर थोडाच, आणि व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्या, कागदात गडबड निघाली तर परत. बाकी पैसे बँकेतनंच. पैसे देताना हातात काय हवं ते असं: मूळ आरसी, नाव ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या (चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला छाप पण लागतो, तो काढतानाच नंबर आरसीशी जुळवून बघा), लोन होतं तर बँकेची एनओसी आणि बोजा काढायचा फॉर्म ३५, इन्शुरन्स, पीयूसी, मालकाच्या आधार-पॅनच्या कॉपी, आणि दोन्ही चाव्या. आरसीवरचा मालक वारला असेल आणि मुलगा विकत असेल तर आधी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते, फॉर्म ३१, ते झाल्याशिवाय एक रुपया देऊ नका, मुलगा कितीही सज्जन वाटला तरी.

डिलिव्हरी नोटवर तारीख आणि वेळ दोन्ही लिहा आणि दोघांनी सह्या करा. सकाळी त्यांनी मोडलेला सिग्नल संध्याकाळी तुमच्या गळ्यात नको.

आणि नाव ट्रान्सफर. "होईल हो, सह्या करून ठेवल्यात, कधीपण करा" हे ऐकू नका. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मधे सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्या डोक्यावर. त्यामुळे विकणाऱ्याला पण हे करायची घाई असायला हवी, त्याला नसेल तर तुम्ही समजावून सांगा. अर्ज ऑनलाइन भरता येतो, संगम पुलाच्या आरटीओत एजंटमार्फत केलं तरी चालेल, फक्त अर्जाची पोचपावती स्वतःकडे ठेवा.

इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाका. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही, म्हणून कंपनी थोडा फरक मागेल तो भरा. जुना फास्टॅग त्यांना बंद करायला लावा आणि आपला नवीन घ्या, नाहीतर खेड शिवापूरला टोल त्यांच्या खात्यातनं कापला जाईल आणि रात्री फोन येईल.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल सगळं एकदम बदला, मालक "परवाच केलंय" म्हणाला असला तरी. बेल्टवाली गाडी असेल तर तो पण त्याच फेरीत उरकून घ्या. पेट्रोलचे रबरी पाइप जुने, भेगा पडलेले असतील तर मेस्त्रीला तेही बदलायला सांगा, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. बिलं एका फायलीत लावत जा, चार वर्षांनी तुम्हीच विकायला काढाल तेव्हा समोरचा तीच मागेल.